पारा चंद्रपुरात चढतो, घाम मालवणात निथळतो

फेब्रुवारी संपता संपता भारतीय हवामान विभाग मार्च ते मे या तीन महिन्यांचा उन्हाळी अंदाज जाहीर करतो आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच मथळा झळकतो : ‘यंदा उन्हाळा कडक’. मूळ अंदाजात असं सरसकट विधान नसतं, शक्यता असते. मागच्या अनेक वर्षांचे उन्हाळे कमी तापलेल्यापासून जास्त तापलेल्यापर्यंत ओळीने लावले आणि त्यांचे तीन सारखे गट केले, तर कुठलाही उन्हाळा सर्वांत वरच्या गटात जाण्याची शक्यता मुळातच ३३ टक्के असते. एखाद्या भागासाठी ती ६० टक्के वर्तवली, तर तिथे कल उष्णतेकडे आहे, एवढंच समजावं. कुठल्या आठवड्यात पारा किती चढेल, हे त्यात नसतं. त्यासाठी दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा अंदाज आणि रोजचं पत्रक बघावं लागतं.

खरी अडचण पुढे आहे. नकाशावर कोकण आणि विदर्भ दोन्ही लाल दिसले, तरी त्या लाल रंगाचा अर्थ दोन्हीकडे एक नसतो.

विदर्भाचं गणित त्या मानाने सरळ आहे. समुद्र दूर, एप्रिलपर्यंत जमिनीतली ओल संपलेली. जमीन ओली असेल तर उन्हाचा बराच भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. ती कोरडी पडली की सगळी उष्णता जमीन आणि तिच्यावरची हवा तापवते. त्यात राजस्थान, मध्य प्रदेशाकडून तापलेले वायव्य वारे येतात. अनेकदा वरच्या थरातली हवा खाली दबत असते, दबताना तीही तापते आणि ढग धरू देत नाही. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्यानंतर दोनच दिवसांनी, २५ मेच्या सुमारास, नवतपा, म्हणजे सर्वांत कडक मानले जाणारे उन्हाचे नऊ दिवस, लागतो.

मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्र या दोन टोकांच्या मधे येतात. तिथे उन्हाळ्याची चर्चा वळीव आणि गारपिटीशिवाय पुरी होत नाही, पण तो वेगळा विषय आहे.

कोकणातलं तापमान सूर्याइतकंच वाऱ्यावर ठरतं. पाणी तापायला मातीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते, त्यामुळे दुपारी जमीन तापली तरी समुद्र तुलनेने थंड असतो आणि खारे वारे आत शिरतात. ते सकाळी अकराच्या आसपास सुरू झाले तर मुंबईचा पारा तेहतिशीच्या आसपास थांबतो. मार्चमध्ये मात्र पुष्कळदा घाटावरून पूर्वेचे कोरडे वारे येतात आणि खाऱ्या वाऱ्यांना दुपारपर्यंत अडवून धरतात. सह्याद्री उतरताना ही हवा दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापते. म्हणून कर्जत, महाड, भिरा अशा डोंगरपायथ्याच्या ठिकाणी पारा मार्चमध्येच चाळिशी ओलांडतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती, तीही मार्चमधलीच. हापूसच्या बागायतदाराला हा महिना धास्तीचा वाटतो, तो उगाच नाही.

मेमध्ये किनाऱ्यावरचा पारा उलट तेहतीस-चौतिशीत स्थिरावतो, आणि माणसाचे हाल मात्र वाढतात. याचं कारण घामात आहे. एक ग्रॅम घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता निथळणारा घाम काहीच नेत नाही. हवेत आधीच बाष्प ठासून भरलेलं असेल, तर घाम वाळणार कसा? हे मोजायला थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळतात. पाणी वाळून तो फुगा जितका थंड होईल, ते वेट बल्ब तापमान. चंद्रपुरात ४३ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर ते साधारण २३ अंश येतं. मालवणात ३५ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर २९ अंशांवर जातं! वेट बल्ब ३५ अंशांवर गेलं तर सावलीत स्वस्थ बसलेलं निरोगी शरीरही स्वतःला थंड ठेवू शकत नाही, आणि वृद्धांना, आजारी माणसांना, उन्हात राबणाऱ्यांना त्याच्या बऱ्याच आधी धोका सुरू होतो.

विदर्भातला घरोघरचा कूलर याच तत्त्वावर चालतो. पंपाने वर चढलेलं पाणी वाळ्याच्या ताट्यांवरून झिरपतं, पंखा बाहेरची कोरडी हवा त्यांतून ओढतो, आणि ४३ अंशांची हवा खोलीत येते ती सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची होऊन, वर वाळ्याचा वास. तोच कूलर मालवणात लावला तर ३५ अंशांची हवा फार तर तीस-एकतीसपर्यंत उतरेल आणि खोलीतला दमटपणा इतका वाढेल की तो बंद करावा लागेल.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात भर उन्हात झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर १४ माणसं दगावली. पारा त्या दिवशी चाळिशीच्या आतच होता. हवामान विभागाच्या निकषानुसार किनारी भागात उष्णतेची लाट म्हणायला कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश जास्त हवं, मैदानी भागात किमान ४०. ‘उष्ण रात्र’ म्हणायची तर आधी दिवसाचा पारा ४० वर जायला हवा. मुंबई-रत्नागिरीत तो क्वचितच जातो, त्यामुळे रात्रभर २८ अंशांत तळमळलेल्या माणसाची ती रात्र ‘उष्ण’ धरलीच जात नाही. किनाऱ्यासाठीच्या निकषांत आर्द्रता आणि रात्रीचं तापमान आलंच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. हवामान विभागाने २०२३ पासून आर्द्रता धरून उष्मा निर्देशांक प्रायोगिक तत्त्वावर द्यायला सुरुवात केली आहे आणि कोकणासाठी ‘उष्ण व दमट’ असा इशाराही दिला जातो. लाटेच्या इशाऱ्याइतकंच गांभीर्य त्यालाही मिळायला हवं.

म्हणून अंदाज वाचताना विदर्भ-मराठवाड्यात कमाल तापमान आणि वाऱ्याची दिशा पाहावी. किनाऱ्यावर आधी किमान तापमान पाहावं आणि संध्याकाळी साडेपाचची आर्द्रता पाहावी. अरबी समुद्र एप्रिल-मेमध्ये वर्षातला सर्वाधिक तापलेला असतो, आणि हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. किनाऱ्यावर ‘सरासरीपेक्षा एक अंश जास्त’ वाचून कुणी निर्धास्त राहू नये.

प्रथमोपचारातही हा फरक ध्यानात ठेवावा. ऊन लागलेला माणूस बरळायला लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर लगेच १०८ ला फोन करावा आणि त्याला सावलीत घ्यावं. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. कोरड्या हवेत अंगावर पाणी शिंपडून जोरात वारा घातला की शरीर भराभर थंड होतं. दमट हवेत तेवढ्याने भागत नाही. तिथे अंगावर सतत गार पाणी ओतावं आणि बर्फ फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत आणि जांघेत ठेवावा.