सेप्पिया आणि कालामारी: वाटाण्याबरोबर कोण शिजतं?

‘सेप्पिए कोन इ पिसेल्ली’, म्हणजे वाटाण्याबरोबर शिजवलेली सेप्पिया (कटलफिश), हा रोममध्ये आणि व्हेनिसच्या बाजूला घरोघरी होणारा वसंतातला पदार्थ. त्याच्या नावाखाली इंटरनेटवर जे दिसतं, त्यात निम्म्या वेळा कालामारीच्या (स्क्विडच्या) फ्रोझन रिंगा असतात, वर हिरवे वाटाणे, आणि दहा मिनिटांत गॅस बंद. हे बघून आता खरंच वैताग येतो.

कालामारी आपल्याला ठाऊक आहे. लांबुळकं अंग, शेपटाकडे त्रिकोणी पंख, आत प्लॅस्टिकच्या पट्टीसारखं पारदर्शक पातं. कुरकुरीत तळलेली सगळ्यांनी खाल्लेली असते. सेप्पिया रुंद आणि जाड, पंखाची झालर अंगाच्या दोन्ही कडांनी फिरलेली, पाठीत पांढरं, ठिसूळ कवच. आयुर्वेदात ज्याला समुद्रफेन म्हणतात तेच हे. आपल्या मासळीबाजारात दोन्हींना सर्रास माकूल म्हणतात, त्यामुळे घेताना पाठ दाबून पाहा. कडक लागली तर सेप्पिया.

हे ओळखणं सोपं आहे. लोक फसतात ते वेळेत. तुकडा वातड लागला की घरात लगेच निकाल लागतो, ‘जास्त शिजलं’. आणि पुढच्या वेळी आणखी लवकर उतरवतात. रश्शातल्या सेप्पियाचं दुखणं मात्र उलटं असतं, ती कमी शिजलेली असते. या मांसात कोलॅजन, म्हणजे मांस बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर. उष्णता लागली की ते आधी आकसतं, मांस आवळून रबर होतं. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास राहिलं की तेच कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं, तुकडा मऊ पडतो आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो. म्हणजे एकतर दोन मिनिटं, नाहीतर चाळीस. दहाव्या आणि पंधराव्या मिनिटाला चव घेऊन घाबरू नका, तेव्हा ते वातडच लागणार. झाकण ठेवा आणि थांबा.

हा नियम कालामारीलाही लागू आहे, पण तिचं अंग पातळ. चाळीस मिनिटांत ती आक्रसून एवढीशी होते. ती तळावी, तव्यावर झटपट परतावी किंवा सारण भरून शिजवावी. वाटाण्याबरोबरच्या रश्शाला सेप्पियाच हवी, यावर मी तडजोड करत नाही.

कृती थोडक्यात: ऑलिव्ह तेलात कांदा मऊ होऊ द्या, किलोभर साफ केलेल्या सेप्पियाच्या बोटभर पट्ट्या घाला. भरपूर पाणी सुटेल, ते आटू द्या. मग अर्धा ग्लास पांढरी वाइन, ती उडाली की टोमॅटोचा गर, आणि झाकण. शाईची चंदेरी पिशवी साफ करतानाच अलगद काढून ठेवा, काळ्या रिझोतोला (शाईतल्या इटालियन भाताला) तीच लागते. मीठ शेवटी, कारण सेप्पिया मुळात खारट असते.

वाटाणे शेवटच्या पंधरा मिनिटांत. सुरुवातीलाच टाकले तर राखाडी लगदा होतो. इटलीत ताजा वाटाणा वसंतात येतो, आणि एड्रियाटिक समुद्रातली सेप्पिया त्याच सुमारास अंडी घालायला किनाऱ्याजवळ येते. दोघं एकाच वेळी बाजारात दिसतात, त्यातूनच ही जोडी जमली. हिवाळ्यात इटलीच्याच लिग्युरिया प्रांतात तीच सेप्पिया आर्टिचोक या कळीसारख्या भाजीबरोबर शिजते. आपल्याकडे कोवळा वाटाणा थंडीत मिळतो, तेव्हा हा पदार्थ डिसेंबर-जानेवारीत करा. किलोभर शेंगा सोलल्या की जेमतेम 400 ग्रॅम दाणे निघतात, ते पुरतात. मे महिन्यात फ्रीझरचा वाटाणा वापरून करायचा अट्टहास नको, त्याला ताज्या दाण्याची गोडी नसते.

वरून चीज किसू नका. क्रीम तर नाहीच. व्हेनिसच्या व्हेनेतो प्रांतात याखाली पांढरा पोलेंता (मक्याच्या पिठाची घट्ट लापशी) असतो, तो नसेल तर रस्सा पुसून घ्यायला जाड सालीचा पाव घ्या.