गालातली विहीर

दिवाळीनंतर कापूस वेचणीला जोर चढला की विदर्भातल्या खेड्यापाड्यांत ‘सायनस झाला’ हे वाक्य हमखास कानावर येते. ओटी बांधून पराटीत वाकले की कपाळ ठणकते आणि संध्याकाळी औषधाच्या दुकानातून चार गोळ्या घरी येतात. वास्तविक सायनस हे आजाराचे नावच नव्हे. गाल, कपाळ, दोन डोळ्यांमधला भाग आणि नाकाची पार मागची बाजू येथे हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. आजार होतो तो त्यांच्या अस्तराला सूज आल्यावर.

यांतली गालाच्या हाडातली पोकळी मोठी विलक्षण आहे. प्रौढ माणसात ती सुमारे 15 मिलिलिटर आकारमानाची असते, पण नाकात उघडणारे तिचे तोंड तळाशी नसून जवळजवळ छताशी आणि जेमतेम काही मिलिमीटर रुंद असते. म्हणजे गालात ही विहीरच झाली, आणि विहिरीतले पाणी आपोआप वाहून जात नाही, ते उपसावे लागते. शेंबडाचा हा उपसा अस्तरावरची सिलिया नावाची सूक्ष्म लव करते. तिचा प्रत्येक तंतू सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतो. पुढे जाताना ताठ राहतो, मागे येताना वाकून सरपटत येतो, त्यामुळे वरचा चिकट थर एकाच दिशेने, तळापासून भिंतींवरून तोंडाकडे चढत राहतो. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील कान-नाक-घसा तज्ज्ञ वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिले की तळाशी नवे छिद्र पाडले तरी शेंबूड त्याला वळसा घालून मूळ तोंडाकडेच जातो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मूळ वाटच मोकळी करतात, ती याच कारणाने.

सर्दीचा विषाणू ही लव काही काळ निकामी करतो आणि सुजलेले अस्तर तोंड बुजवते. आतला ऑक्सिजन शोषला जाऊन दाब घटतो, गाल जड होतो, वाकल्यावर दुखणे वाढते. नाक चोंदते, घट्ट स्राव घशात उतरतो, वास कमी येतो. वरच्या दाढांची मुळे या विहिरीच्या तळालाच टेकलेली असल्याने त्याही ठणकतात.

शेंबूड हिरवा झाला की जिवाणू शिरले, हा समज मात्र सोडावा. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या हिरव्या विकराचा असतो. जिवाणूंचा संशय घ्यावा तो दहा दिवसांनीही उतार नसेल, बरे वाटू लागल्यावर दुखणे पुन्हा उलटले असेल, किंवा सुरुवातीचे तीन-चार दिवस 102 अंश फॅरेनहाइट ताप आणि पुवासारखा स्राव सोबत असेल तेव्हा.

नुसतेच डोके दुखत असेल, मळमळत असेल आणि उजेड सहन होत नसेल, तर ती बहुधा अर्धशिशी असते. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ असलेल्या 2,991 जणांपैकी 88 टक्क्यांची लक्षणे अर्धशिशीची निघाली. आपल्याकडे सूर्य उगवण्याआधी मंत्र टाकून अर्धशिशी उतरवणारे आहेत; तिचा झटका 4 ते 72 तासांत आपणहून ओसरतो, एवढेच त्या मंत्राचे भांडवल.

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, मान आखडणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मधुमेही माणसाने तर 2021 ची काळी बुरशी आठवून जराही थांबू नये. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीचा स्राव येत असेल, तर आधी त्या बाजूची वरची किडकी दाढ तपासून घ्यावी.