तांबड्या-काळ्या पट्ट्यांची जर्सी: नंबर टाकून घेण्याआधी हे वाचा

काउंटरवर रोज एकच संवाद होतो. "मालक, मिलानची दाखवा." आम्ही तांबडी-काळी काढून समोर टाकतो आणि मग सुरू होतं. ही एकच चांदणी कसली? बाहीवर ७ का लिहिलंय? पांढरी म्हणजे बाहेरगावच्या मॅचची, मग ती दुय्यमच ना? ३ नंबर टाकून मिळेल का? रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा एकेकाला बसवून सांगणं होत नाही. म्हणून हे पत्रक. जर्सी घेतलीत तर पिशवीत मिळेलच. नुसतं वाचायचं असेल तरी उचला.

आधी नाव

इटलीतलं शहर मिलानो, तिथला फुटबॉल क्लब मात्र मिलान. आणि म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर, 'मी'वर द्यायचा. इटलीतल्या शहराच्या क्लबाला इंग्रजी नाव कसं, तर क्लब काढला इंग्रजांनी. डिसेंबर १८९९ मधली गोष्ट. नॉटिंगहॅमच्या एका खाटकाचा मुलगा, हर्बर्ट किल्पिन, कापडधंद्यातल्या कामासाठी इटलीत आला होता. त्याने आणि त्याच्या देशबांधवांनी, सोबतीला काही इटालियन घेऊन, 'मिलान फुटबॉल अँड क्रिकेट क्लब' सुरू केला. हो, क्रिकेटसुद्धा. क्रिकेटचं पुढे काही झालं नाही, फुटबॉलचं झालं. मुसोलिनीच्या राजवटीत परकी नावं खपत नव्हती, त्यामुळे काही वर्षं क्लबाला 'मिलानो' व्हावं लागलं. महायुद्ध संपलं आणि जुनं नाव परत आलं.

रंग किल्पिननेच ठरवले असं म्हणतात: तांबडा सैतानाचा, काळा समोरच्याच्या पोटात गोळा आणणारा. म्हणून ह्या संघाला तिकडे 'सैतान' म्हणतात, आणि त्याहून जास्त 'रोस्सोनेरी', म्हणजे सरळ तांबडे-काळे. बिल्ल्याच्या उजव्या अर्ध्या भागात पांढऱ्यावर तांबडा क्रूस दिसतो तो मिलानो शहराच्या झेंड्यावरचा. खाली १८९९. हे साल चुकलेलं किंवा क्रूस डावीकडे गेलेला दिसला, तर ती जर्सी आमच्याकडची नाही.

निळी-काळी म्हणजे दुसरे

वाढदिवसाला जर्सी न्यायला वडील येतात, पट्टे बघतात, निळी-काळी घेऊन जातात. दुसऱ्या दिवशी मुलगा तोंड पाडून दारात. निळी-काळी इंटरची. १९०८ मध्ये परदेशी खेळाडू घ्यायचे की नाही यावरून मिलानमध्ये वाद झाला. बाहेर पडलेल्यांनी ९ मार्चला वेगळा क्लब काढला आणि नावातच 'इंटरनॅझिओनाले' घातलं, म्हणजे सगळ्या देशांचा. भाऊबंदकीच ती, शंभर वर्षं उलटली तरी मिटलेली नाही.

गंमत अशी की दोघांचं मैदान एकच. सान सिरो हे स्टेडियम १९२६ मध्ये मिलानचे त्या वेळचे अध्यक्ष पिएरो पिरेल्ली (टायरवाल्या पिरेल्ली घराण्यातले) यांनी बांधून घेतलं. उद्घाटनाला पाहुणे म्हणून इंटरला बोलावलं आणि इंटरने ६-३ ने हरवलं. घरभरणीलाच मार! पुढे १९३५ मध्ये महापालिकेने ते विकत घेतलं आणि १९४७ पासून इंटरही तिथेच खेळायला लागलं. १९८० मध्ये त्याला ज्युसेप्पे मेआत्झाचं नाव दिलं. मेआत्झा दोन्हीकडून खेळला, पण त्याची उमेदीची वर्षं गेली इंटरमध्ये. म्हणून मिलानचा माणूस आजही सान सिरोच म्हणतो. शाहू स्टेडियमवर एकाच मैदानात दोन पेठांची ईर्षा बघितलेल्या कोल्हापूरकरांना यापुढे आम्ही काय सांगायचं?

(टॅग काढला नसेल तर आठ दिवसांत बदलून देतो. नंबर छापलेली बदलून मिळत नाही, वडील कितीही समजावून सांगोत.)

एक चांदणी

इटलीत दहा लीग जिंकल्या की बिल्ल्यावर एक चांदणी लावता येते. ही पद्धत १९५८ मध्ये युव्हेंटस ह्या इटालियन क्लबापासून सुरू झाली. मिलानला ती मिळाली १९७९ मध्ये. वाट मोठी होती. १९०१, १९०६, १९०७ अशा तीन लीग जिंकल्या, आणि मग चव्वेचाळीस वर्षं काहीच नाही. १९५१ मध्ये दुष्काळ संपला तो तीन स्वीडिश खेळाडूंमुळे: ग्रेन, नॉर्डाल आणि लीडहोल्म. तिघांच्या नावांचे तुकडे जोडून लोकांनी 'ग्रे-नो-ली' केलं. त्यातला नॉर्डाल मायदेशी अग्निशमन दलात काम करायचा. इटलीच्या लीगमध्ये सर्वांत जास्त गोल करणारा तो पाच वेळा ठरला.

चांदणी लागली आणि वर्षभरात घसरण सुरू झाली. १९८० मध्ये सामने ठरवून खेळण्याचं सट्टेबाजीचं प्रकरण बाहेर आलं आणि मिलानला शिक्षा म्हणून दुसऱ्या श्रेणीत टाकलं. एका वर्षात वर आले. १९८२ मध्ये पुन्हा खाली गेले, ह्या वेळी कुणी ढकललं नव्हतं, खेळूनच गेले. १९८६ च्या फेब्रुवारीत टीव्हीवाहिन्यांचे मालक सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांनी क्लब घेतला तेव्हा तिजोरीत खडखडाट होता.

त्यानंतर दिवस पालटले, ते पुढे येईलच. २०२२ मध्ये एकोणिसावी लीग झाली. दुसरी चांदणी विसाव्या लीगला मिळते. ती एप्रिल २०२४ मध्ये इंटरने आधी पटकावली, आणि तीही थेट मिलानलाच हरवून. हा विषय मिलानच्या माणसाजवळ काढू नये.

लीग जिंकलेला संघ पुढचं वर्षभर छातीवर इटलीच्या तिरंगी झेंड्याची छोटी ढाल लावतो. तिचं नाव 'स्कुदेत्तो', आणि लीगलाही त्यावरूनच स्कुदेत्तो म्हणतात. ढाल हवी असेल तर ती २०२२-२३ च्या जर्सीवर शोभते. दुसऱ्याच वर्षाच्या जर्सीवर लावून द्या म्हणालात तर आम्ही नाही म्हणू. रागावू नका.

बाहीवरचा ७ आणि पांढरी जर्सी

आता ज्यासाठी हे पत्रक लिहायला घेतलं ते. पाच किंवा जास्त वेळा युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, आताची चॅम्पियन्स लीग) जिंकलेल्या क्लबाला त्या स्पर्धेत बाहीवर आकडा लावायचा मान मिळतो. मिलानचा आकडा ७. त्यांच्या पुढे फक्त स्पेनचा रियाल माद्रिद.

गिऱ्हाईक पांढरी जर्सी बाजूला सरकवतं तेव्हा आम्ही हळूच सांगतो: ह्या सातपैकी सहा कप पांढऱ्या जर्सीत आलेत. तांबड्या-काळ्यात आला तो एकच, २००३ चा, मँचेस्टरमध्ये युव्हेंटसविरुद्ध. १२० मिनिटांत एकही गोल नाही, मग पेनल्टीवर. पांढरीला तिकडे शकुनाची जर्सी मानतात.

पहिला कप १९६३ मध्ये वेम्बलीवर. पोर्तुगालच्या बेन्फिकाला २-१ ने हरवलं, दोन्ही गोल आल्ताफिनीचे. युरोपियन कप जिंकणारा तो इटलीचा पहिला क्लब. १९६९ मध्ये माद्रिदला हॉलंडच्या आयाक्सविरुद्ध ४-१, त्यात प्रातीची हॅटट्रिक. पुढे जगभर गाजलेला क्रॉयफ, तेव्हा कोवळा, त्या दिवशी आयाक्सकडून होता आणि हरला.

मग १९८९. कोच होता आरिगो साक्की. हा माणूस मोठ्या स्तरावर कधी खेळलेलाच नव्हता, घरच्या चपला-बुटांच्या धंद्यात विक्रीचं काम करायचा. लोक टोचायला लागले तेव्हा त्याने सुनावलं की जॉकी व्हायला आधी घोडा असावं लागत नाही. त्याचा सराव बघण्यासारखा असे. एका बाजूला गोलकीपर आणि चार बचावपटू, एवढे पाचच: गाल्ली, तासोत्ती, बारेसी, कोस्ताकुर्ता, माल्दिनी. समोर गुल्लित, व्हॅन बास्तेन यांच्यासकट दहा जण. वेळ पंधरा मिनिटं. चेंडू गेला की दहा जणांनी आपल्या अर्ध्यातून पुन्हा सुरुवात करायची. साक्की सांगतो, त्या दहांना कधीच गोल करता आला नाही. हे वाचून आमच्या ओळखीच्या एका तालमीच्या पोरांनी करून बघितलं. दुसऱ्याच मिनिटाला गोल खाल्ला.

त्या वर्षी सेमीफायनलला सान सिरोवर रियाल माद्रिदला पाच गोल, उत्तरात शून्य. पाच गोल पाच वेगळ्या पायांनी-डोक्यांनी: आन्चेलोत्ती, राइकार्ड, गुल्लित, व्हॅन बास्तेन, दोनादोनी. फायनल बार्सिलोनात, रुमानियाच्या स्टेआउआ बुखारेस्टविरुद्ध ४-०. पुढच्या वर्षी पुन्हा कप, राइकार्डच्या एका गोलावर. साक्कीनंतर कापेल्लो आला. त्याच्या हाताखाली हा संघ लीगमध्ये सलग ५८ सामने हरला नाही. १९९३ च्या मार्चमध्ये पार्मा क्लबाच्या आस्प्रियाने ही साखळी तोडली.

आमच्या मते पांढऱ्या जर्सीची सगळ्यात भारी मॅच १९९४ ची, अथेन्समधली. समोर क्रॉयफचं बार्सिलोना, ह्या वेळी तो कोच. बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघांनाही बंदी, व्हॅन बास्तेन जायबंदी. सगळ्यांनी बार्सिलोनाला आधीच विजेता ठरवून टाकलं होतं. निकाल ४-०, मिलान. मासारोचे दोन, साविचेविचने पेनल्टी बॉक्सच्या कडेवरून गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद टाकलेला एक, आणि देसाईचा एक. (हा फ्रान्सचा मार्सेल देसाई. आपल्याकडचा नव्हे, दरवेळी कोणीतरी विचारतंच.)

शकुन दरवेळी कामी येतो असंही नाही. २००५ मध्ये इस्तंबूलला हीच पांढरी होती. मध्यंतराला लिव्हरपूलविरुद्ध ३-० ने पुढे, सहा मिनिटांत तीन गोल खाल्ले आणि पेनल्टीवर कप गेला. दोन वर्षांनी पुन्हा अथेन्स, पुन्हा लिव्हरपूल, पुन्हा पांढरी. इन्झागीचे दोन गोल, २-१. तोच सातवा.

नंबर टाकताना

३ आणि ६ हे नंबर मिलानने निवृत्त केलेत. ६ फ्रांको बारेसीचा: वीस हंगाम एकच क्लब, क्लब दोनदा खालच्या श्रेणीत गेला तेव्हाही सोडून गेला नाही. ३ पाओलो माल्दिनीचा: १९८५ ते २००९, ९०२ सामने, पाच युरोपियन कप. १९६३ मध्ये वेम्बलीवर कप उचलणारा कॅप्टन चेझारे माल्दिनी, म्हणजे पाओलोचे वडील. चाळीस वर्षांनी इंग्लंडमध्येच पाओलोने उचलला. ३ नंबर पुढे कुणी घातला तर तो पाओलोच्या मुलानेच, अशी मुभा ठेवलेली आहे. त्याचा मुलगा डॅनियल २०२१-२२ च्या लीगविजेत्या संघात होता, एक गोलही केला, पण नंबर घेतला २७. आमच्याकडे ३ आणि ६ दोन्ही छापून मिळतात. क्लबाने निवृत्त केलेत, आम्ही नाही.

९ मागणाऱ्यांनी हेही ऐकून घ्या. २०१२ मध्ये इन्झागी गेला आणि त्यानंतर ज्याने ज्याने ९ घातला त्याचं काही खरं झालं नाही: पातो, तोरेस, हिग्वाइन, मांजुकिच. २०२१ मध्ये पस्तिशीला टेकलेल्या जिरूने तो घेतला. लीगच्या शेवटच्या दिवशी सासुओलोविरुद्ध ३-० मधले पहिले दोन गोल त्याचे, आणि अकरा वर्षांनी स्कुदेत्तो घरी. तेव्हा आता ९ बिनधास्त टाका.

जुन्या धाटणीच्या १९८९ च्या जर्सीवर पाठीवर 'व्हॅन बास्तेन' लिहून मागतात. तेव्हा पाठीवर नावच नसायचं. इटलीच्या लीगमध्ये नाव आणि हंगामभराचा ठरलेला नंबर १९९५ पासून आला, त्याआधी उतरणारे अकरा जण १ ते ११ घालायचे. नुसता ९ टाका, जाणकाराला कळतं. छातीवर 'ओपेल' (तेव्हाचा प्रायोजक) लिहिलेली हवी असेल तर ती १९९४ ते २००६ मधली. त्या जर्सीवर शेवचेन्को, काका, पिर्लो चालतील. इब्राहिमोविच नाही, तो २०१० मध्ये आला.

धुताना

नंबर टाकल्यापासून एक दिवस पाणी लावू नका. पुढे नेहमी उलटी करून, थंड पाण्यात, हाताने. ब्रश छपाईवर चालवू नका, पिळू नका, सावलीत वाळवा. इस्त्री करायचीच असेल तर उलट्या बाजूने आणि नंबर सोडून. तांबडी-काळी आणि पांढरी दोन्ही घेतल्या असतील तर पहिल्या तीन धुण्यांना एका बादलीत टाकू नका. नाव टाकायचं असेल तर कागदावर स्पष्ट अक्षरात लिहून आणा, फोनवर सांगितलेलं नाव आम्ही छापत नाही.