ज्युलिएत ग्रेको : काळ्या पोशाखामागची गोष्ट

फ्रेंच गायिका ज्युलिएत ग्रेकोचं नाव निघालं की ‘सँ-जर्मँ-दे-प्रेची (पॅरिसमधल्या लेखक-कलावंतांच्या वस्तीची) स्फूर्तिदेवता’ हे बिरुद ठरलेलंच. ते गोड असलं तरी तिच्यावर अन्याय करणारं आहे. स्फूर्तिदेवतेने नुसतं बसून राहिलं तरी चालतं. ग्रेको मात्र १९४९ पासून थेट २०१६ पर्यंत रंगमंचावर उभी राहून गात होती.

जन्म ७ फेब्रुवारी १९२७ चा, दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए शहरातला. वडील जवळपास नव्हतेच. ती आणि थोरली बहीण शार्लोत बोर्दोला आजी-आजोबांकडे वाढल्या. पुढे आईने दोघींना पॅरिसला नेलं. तिथे ज्युलिएत ऑपेरात बॅले शिकू लागली, तोच युद्ध सुरू झालं. आई जर्मनांविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होती. १९४३ मध्ये तिघी पकडल्या गेल्या. आई आणि शार्लोत यांची रवानगी राव्हेन्सब्रूकच्या छळछावणीत झाली. सोळा वर्षांच्या ज्युलिएतला फ्रेनच्या तुरुंगात ठेवलं आणि वय लहान म्हणून सोडून दिलं. सुटली खरी, पण जायचं कुठे? शाळेत फ्रेंच शिकवलेल्या, नंतर अभिनेत्री झालेल्या हेलेन द्यूक यांनी तिला आसरा दिला.

अंगावर घालायला धड काही नव्हतं, म्हणून मित्रांचे ढगळ सदरे आणि पँटी ती बाह्या दुमडून वापरायची. पुढे हीच सँ-जर्मँ-दे-प्रेतल्या पोरींची फॅशन झाली! १९४५ मध्ये छावण्यांतून परतणाऱ्यांना पॅरिसच्या ल्युतेशिया हॉटेलात आणत. आई आणि बहीण तिला तिथेच परत भेटल्या.

१९४७ मध्ये तिथल्याच दोफिन रस्त्यावर ‘ताबू’ हा तळघरातला क्लब सुरू झाला. जॅझ, धूर, लेखक बोरिस व्हियांचा ट्रम्पेट आणि दाराशी काळ्या कपड्यांतली ग्रेको. वर्तमानपत्रांनी या मंडळींना सरसकट ‘अस्तित्ववादी’ ठरवून टाकलं. त्यातल्या किती जणांनी अस्तित्ववादाचा तत्त्वज्ञ सार्त्र वाचला होता, हा प्रश्न वेगळा.

ग्रेकोला गायला लावलं ते मात्र खुद्द सार्त्रनेच. त्याने तिच्यापुढे कवितांची पुस्तकं ठेवली. तिने रेमों केनोची एक कविता निवडली आणि जोसेफ कोस्माने तिला चाल दिली. शांसाँ, म्हणजे तिचा हा फ्रेंच गाण्याचा प्रकार, ही शब्दप्रधान गायकीच. आपल्या भावगीताच्या रसिकाला ती समजावून सांगावी लागत नाही. ग्रेको ना गीतकार होती, ना संगीतकार. कुणाचं काय गायचं, ही निवड हीच तिची कला. फेरे, ब्रेल, गेन्सबूर या गीतकार-गायकांच्या गाण्यांत ती एकेक शब्द जिभेवर तोलून टाकायची. अंगावर लांब काळा पोशाख, आणि बाकीचं काम दोन हात करायचे.

१९४९ मध्येच पॅरिसला आलेल्या माइल्स डेव्हिस या कृष्णवर्णीय अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादकाशी तिचं प्रेम जमलं. लग्न झालं नाही. काळा पुरुष आणि गोरी बाई अमेरिकेत सुखाने नांदू शकणार नाहीत, हे डेव्हिसला पक्कं ठाऊक होतं.

सिनेमात ती दिग्दर्शक कॉक्तोच्या ‘ऑर्फे’मध्ये (१९५०) दिसली. मग निर्माता डॅरिल झॅनकने तिला हॉलिवूडच्या चित्रपटांत आणलं, पण तिथे तिच्या जोगं फारसं काही हाती लागलं नाही. घराघरांत ती पोचली १९६५ च्या ‘बेल्फेगोर’ या लूव्र संग्रहालयातल्या भुताच्या दूरचित्रवाणी मालिकेमुळे. दोनच वर्षांनी आलं ‘देझाबिये-म्वा’. कपडे उतरवण्याबद्दलचं हे गाणं ती गळ्यापर्यंत झाकलेल्या पोशाखात गायची, आणि समोरच्याला घाई न करण्याची ताकीद द्यायची. त्यातला खट्याळपणा असा हुकमी होता.

१९८१ मध्ये चिलीत तिने पिनोशेच्या लष्करी राजवटीला न रुचणारी गाणीच निवडून गायली. त्या राजवटीपुढे प्रेमगीतं गाऊन मानधन घेऊन परतणं सोपं होतं. पण तुरुंग पाहिलेल्या बाईकडून ती अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता.

तीन लग्नांपैकी दुसरं अभिनेता मिशेल पिकोलीशी, तिसरं ब्रेलचा पियानोवादक जेरार झुआनेशी. झुआने १९६८ पासून तिला साथ करत होता. २०१५ मध्ये तिने ‘मेर्सी’ नावाचा निरोपाचा दौरा काढला. पुढच्या वर्षी पक्षाघाताने तो अर्धवट राहिला. २३ सप्टेंबर २०२० रोजी दक्षिण फ्रान्समधल्या रामात्युएलच्या घरी, त्र्याण्णवाव्या वर्षी ती गेली.