जन्मठेप आणि 14 वर्षांचा घोळ

"14 वर्षं काढली की सुटेल." गावच्या पारावर ऐका किंवा कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर, जन्मठेपेचा निकाल लागला की हे वाक्य येतेच. कैद्याचे नातेवाईकही त्याच भरवशावर दिवस मोजायला लागतात. हा आकडा खोटा नाही. पण फौजदारी कायद्यात तो जिथे आहे, तिथे त्याचा अर्थ लोक समजतात त्याच्या जवळपास उलटा आहे.

1860 च्या दंडसंहितेत मुळात आजची जन्मठेप नव्हती. होती ती आयुष्यभराची हद्दपारी, म्हणजे काळे पाणी. 1858 पासून अंदमानला कैदी धाडले जाऊ लागले. 1919-20 च्या तुरुंग समितीने ही पद्धत गुंडाळण्याची शिफारस केली, तोवर बऱ्याच जणांची "हद्दपारी" हिंदुस्थानातल्या तुरुंगांतच भोगून होऊ लागली होती. कागदावरचा शब्द मात्र थेट 1 जानेवारी 1956 ला बदलला आणि हद्दपारीच्या जागी आजन्म कारावास आला.

शब्द बदलला तरी जुने आकडे राहिले, आणि ते एकमेकांशी जुळत नव्हते. दंडसंहितेचे कलम 55 सरकारला जन्मठेपेचे रूपांतर जास्तीत जास्त 14 वर्षांच्या कैदेत करू देत होते. कलम 57 मध्ये जन्मठेप 20 वर्षांची धरली होती, पण ती शिक्षेचे अपूर्णांक काढण्यापुरतीच: मूळ शिक्षेच्या निम्मी, चौथाई वगैरे मोजायची तर आयुष्याला काहीतरी आकडा लागतो. मुंबई इलाख्याच्या तुरुंग नियमांत माफीच्या हिशेबासाठी तिसराच आकडा होता, 15. 1945 मध्ये लंडनच्या सर्वोच्च अपील पीठाने लाहोरकडच्या एका प्रकरणात जाता जाता 20 वर्षांचा उल्लेख केला आणि "जन्मठेप म्हणजे 20 वर्षे" असे मानणाऱ्यांना आधार मिळाला.

माफी म्हणजे इथे दयेचा अर्ज नव्हे. तुरुंगातली माफी दिवसांत कमावली जाते. वर्तन चांगले राहिले, नेमून दिलेले काम झाले की महिन्याला ठरलेले दिवस जमा होतात आणि त्यांची नोंद कैद्याच्या कागदांत चढते. वॉर्डरच्या मदतीला नेमलेल्या जुन्या कैद्याला जास्त दिवस मिळतात. तुरुंगात शिस्तीचा भंग झाला तर जमा झालेले दिवस कापलेही जातात. शिवाय राष्ट्रीय प्रसंगी सरकारने जाहीर केलेली सूट वेगळी. पाच वर्षांची सजा असलेल्या कैद्याला हा हिशेब सरळ आहे: सजेतून माफी वजा करायची की सुटकेची तारीख निघते. जन्मठेपेत वजा करायचे कशातून, हाच प्रश्न आहे.

तो प्रश्न महाराष्ट्रातूनच दिल्लीला पोचला. गांधीहत्येच्या खटल्यात 1949 मध्ये आजन्म हद्दपारी झालेल्या एका कैद्याचे म्हणणे होते, की प्रत्यक्ष भोगलेली वर्षे आणि कमावलेली माफी यांची बेरीज 20 वर्षांच्या पुढे गेली आहे, तेव्हा मला सोडा. जानेवारी 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य, नियमांतले 15 आणि 20 हे हिशेबाच्या सोयीसाठी, आणि सरकारने आदेश काढून उरलेली शिक्षा माफ केल्याशिवाय सुटका नाही. 1964 मध्ये सरकारने तसा आदेश काढला आणि तो कैदी सुटला. या निकालाने अर्थ एकदाचा ठरवला असे पाठ्यपुस्तके सांगतात. व्यवहारात त्याने तुरुंगातल्या नोंदवहीचे वजन कमी करून ते मंत्रालयातल्या फायलीकडे दिले, याची चर्चा फार होत नाही.

मग राज्य सरकारे आपापल्या मर्जीने सोडू लागली. काही ठिकाणी फाशी रद्द होऊन जन्मठेप झालेले खुनी पाच-सहा वर्षांत बाहेर आले, अशी ओरड संसदेपर्यंत गेली. त्यावर उतारा म्हणून 18 डिसेंबर 1978 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 433-अ घातले गेले. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते अशा गुन्ह्यात जन्मठेप झाली असेल, किंवा फाशीची जन्मठेप झाली असेल, तर किमान 14 वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सोडता येणार नाही. माफीचे दिवस या 14 मध्ये धरायचे नाहीत.

कायद्यात 14 हा असा तळ म्हणून आला आणि लोकांनी त्याचे छत करून टाकले. यात लोकांचा दोष थोडाच. जुन्या कलम 55 मध्ये तोच आकडा कमाल मर्यादा म्हणून शंभरावर वर्षे उभा होता.

या कलमाविरुद्ध देशभरातले कैदी न्यायालयात गेले. नोव्हेंबर 1980 च्या घटनापीठाच्या निकालाने कलम वैध ठरवले, पण ते मागून लागू केले नाही: 18 डिसेंबर 1978 च्या आधी खालच्या न्यायालयात दोषी ठरलेल्यांना ते बांधणार नव्हते. राज्यपाल आणि राष्ट्रपतींचा घटनेने दिलेला माफीचा अधिकारही शाबूत राहिला. आणि 14 वर्षांच्या आत पॅरोलसारखी रजा द्यायला या कलमाची आडकाठी नाही, हेही त्यात होते. कलमावर टीका करणारे तेव्हाही म्हणत होते आणि त्यात तथ्य आहे, की सरसकट 14 वर्षे लावल्यावर चांगल्या वर्तनाला किंमत काय उरली? दहाव्या वर्षी पूर्ण सुधारलेला आणि तेराव्या वर्षीही मारामाऱ्या करणारा, दोघेही त्या वर्षांपुरते एकाच मापाने मोजले जाणार.

महाराष्ट्राने यावर वर्गवारीचा मार्ग काढला. 1992 आणि पुढे 2010 च्या मार्गदर्शक सूचनांत गुन्ह्याच्या स्वरूपावरून टप्पे ठरले: घरगुती भांडणात रागाच्या भरात झालेला खून एका रकान्यात, पैशासाठी किंवा टोळीने केलेला दुसऱ्यात. माफी धरून 20, 22, 24, 26 वर्षांनी सुटका असे टप्पे आहेत आणि त्याखाली प्रत्यक्ष 14 वर्षांची अट कायम आहे. फाइल तुरुंग अधीक्षकांकडून निघते, पोलिसांचा अहवाल येतो, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत मागवले जाते आणि सगळे गृह विभागात जाऊन बसते. रकाना चुकीचा लावला म्हणून उच्च न्यायालयात येणाऱ्या याचिकांना तोटा नाही. तोपर्यंत कैदी आतच.

पुढे न्यायालयांनी स्वतःच आणखी एक प्रकार तयार केला. फाशी जास्त होते आणि 14 वर्षे कमी वाटतात, अशा प्रकरणांत 20, 25, 30 वर्षे किंवा मरेपर्यंत माफीविना जन्मठेप देता येईल, असे 2008 च्या निकालाने म्हटले. 2015 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने 3 विरुद्ध 2 मतांनी ते उचलून धरले. दरम्यान 2013 च्या दुरुस्तीत बलात्काराच्या काही कलमांत "जन्मठेप म्हणजे उर्वरित नैसर्गिक आयुष्य" असे खास लिहिले गेले. 1961 पासून सगळ्याच जन्मठेपेचा अर्थ तोच असेल, तर हे वेगळे लिहायची गरज का पडली, असे कुणी विचारले तर उत्तर द्यायला अवघड आहे.

फाइल नक्की कोणाची, हा वाद 2022 मध्ये सगळ्यांना कळला. 2002 च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि हत्याकांडातले 11 दोषी 15 ऑगस्टला गोध्र्याच्या तुरुंगातून गुजरात सरकारने सोडले. खटला मात्र मुंबईत चालला होता. 8 जानेवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, कारण शिक्षा ज्या राज्यात झाली त्या राज्याचे, म्हणजे महाराष्ट्राचे सरकारच यावर निर्णय घेऊ शकत होते. तुरुंग कुठे आणि गुन्हा कुठे घडला, याने फरक पडत नाही.

त्याच्या वर्षभर आधी, जानेवारी 2023 मध्ये, गोव्यातल्या जन्मठेपेच्या कैद्यांच्या प्रकरणात आणखी एक गाठ सुटली, कैद्यांच्या दृष्टीने उलट बाजूने. पॅरोलवर बाहेर घालवलेले दिवस 14 वर्षांत धरायचे नाहीत. महाराष्ट्रातही फर्लोचे, म्हणजे ठरावीक काळाने मिळणाऱ्या रजेचे, दिवस शिक्षेत मोजले जातात, अडीअडचणीसाठी मिळणाऱ्या पॅरोलचे नाही. म्हणजे बापाच्या आजारपणासाठी पॅरोलवर महिनाभर गावी जाऊन आलेल्याची फाइल तेवढीच पुढे ढकलली जाते.

1 जुलै 2024 पासून दंडसंहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता दोन्ही बदलल्या. नव्या प्रक्रिया संहितेत 433-अ चे कलम 475 झाले, 14 वर्षे तीच राहिली. शिक्षेच्या रूपांतरात मात्र कमाल 14 जाऊन "किमान 7 वर्षे" असा नवा आकडा आला. जुन्या कैद्यांच्या फायलींना, दोषी ठरले त्या दिवशी लागू असलेले धोरणच साधारणपणे लावायचे असते, आणि नंतरचे जास्त सवलतीचे असेल तर ते. त्यामुळे येरवड्यासारख्या मोठ्या तुरुंगात एकाच बराकीतल्या दोघा जन्मठेपवाल्यांचा हिशेब दोन वेगळ्या तक्त्यांवर चालू असू शकतो.