प्रेअरीत झाडं का नाहीत?

उत्तर अमेरिकेत प्रेअरी, युरेशियात स्टेप, दक्षिण अमेरिकेत पंपास, आफ्रिकेत व्हेल्ड, ऑस्ट्रेलियात डाऊन्स. गवताळ प्रदेशांच्या नावांची ही ओळ शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलीय, जोड्या लावा मधले मार्क पक्के. पण तिथे गवतच का, झाडं का नाहीत हे कोणी विचारलं नाही आणि सरांनीही सांगितलं नाही. पाचही प्रदेश घेतले तर लेख संपायचा नाही, म्हणून इथे फक्त प्रेअरी.

आधी पावसाचं बघू. महाबळेश्वरहून घाट उतरून वाईला आलं की पाऊस कसा एकदम गळाठतो ते माहितीच असेल, पर्जन्यछाया म्हणतात ती. अमेरिकेत हेच काम रॉकी पर्वत करतो, फक्त फार मोठ्या मापात. पॅसिफिककडून येणारे पश्चिमी वारे डोंगर ओलांडेपर्यंत कोरडे होतात, त्यामुळे रॉकीच्या पूर्वेला लगेच असलेल्या डेन्वरला वर्षाला जेमतेम 370 मिमी पाऊस. तिथून पूर्वेला जावं तसा मेक्सिकोच्या आखातातला दमटपणा पोचायला लागतो आणि कॅन्सस सिटीला येईपर्यंत पाऊस 1000 मिमीच्या आसपास जातो. गवतही त्याच हिशोबाने वाढत जातं, डेन्वरकडे घोट्याएवढं, मधे गुडघ्या-कमरेएवढं आणि पूर्वेला चांगलं पुरुषभर उंच. 1878 मधे जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने सरकारला रिपोर्ट दिला की साधारण 100 अंश पश्चिम रेखावृत्ताच्या पलीकडे, म्हणजे पश्चिमेला, पावसाच्या भरवशावर शेती करू नका, पाणी द्यावं लागेल. फारसं कोणी ऐकलं नाही. उलट त्या काळात लोकांना असं सांगितलं जायचं की तुम्ही नांगर धरा, पाऊस आपोआप मागून येईल!

आता हवा. नागपूरला थंडी पडते, पण सैबेरियाची हवा थेट तिथे येत नाही कारण मधे हिमालय आडवा आहे. प्रेअरीला असा आडवा डोंगरच नाही, रॉकी उभा आहे, उत्तर-दक्षिण. त्यामुळे आर्क्टिकची गार हवा सरळ टेक्सासपर्यंत घसरते आणि आखाताची गरम दमट हवा बिनदिक्कत वर चढते, आणि दोघी भिडल्या की वसंतात टॉर्नेडो. समुद्र लांब म्हणून उन्हाळा भाजून काढणारा आणि हिवाळा हाडं गोठवणारा. त्यात चिनूक नावाचा वारा, डोंगर उतरताना हवा दाबली जाऊन दर किलोमीटरला जवळपास 10 अंशांनी तापते आणि खाली येऊन बर्फ खाऊन टाकते. 22 जानेवारी 1943 ला साऊथ डकोटातल्या स्पिअरफिश गावात पारा दोन मिनिटांत उणे 20 वरून 7 अंश सेल्सिअसवर गेला, दोन मिनिटांत!! आणि थोड्या वेळाने अर्ध्या तासाच्या आत परत उणे 20 वर, तेव्हा खिडक्यांच्या काचा तडकल्या होत्या.

बरं, पण कॅन्सस सिटीला पुण्यापेक्षा जास्त पाऊस, मग तिथे झाडं यायला काय हरकत होती? येतातच की, लावली तर मस्त वाढतात. म्हणजे एकट्या पावसावर हे कोडं सुटत नाही. मधेच पडणारे दुष्काळ हे एक कारण, पण खरा खेळ आगीचा. वीज पडून वाळलेलं गवत पेटायचं आणि तिथले मूळ रहिवासी मुद्दाम सुद्धा पेटवायचे, कारण जळलेल्या जागी कोवळं गवत फुटतं आणि त्यावर बायसनचे, म्हणजे तिथल्या गव्यासारख्या दांडग्या रानटी जनावरांचे, कळप येतात. झाडाचा वाढीचा शेंडा वर असतो, रोपटं असतानाच आगीत सापडलं की बहुतेकदा संपलं. गवताचा कोंब जमिनीलगत किंवा जमिनीखाली असतो, वरचं जळालं काय नि बायसनने खाल्लं काय, त्याला फरक पडत नाही. शेतात हराळीशी झुंजलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको, कितीही खुरपा, पंधरा दिवसांत हजर.

कॅन्ससच्या फ्लिंट हिल्स भागात कोन्झा नावाचं संशोधन केंद्र आहे, तिथे काही तुकडे दरवर्षी जाळतात, काही दोन वर्षांनी, काही चार, काही वीस. दरवर्षी जाळलेल्यात गवत टिकून आहे आणि वीस वर्षांवाल्यात झुडपं आणि झाडं घुसली. फ्लिंट हिल्समधे उंच गवताची प्रेअरी मुळात वाचलीच का, तर चुनखडीत गारगोटीसारखे टणक दगड, नांगर चालेना, म्हणून लोकांनी गुरं चारली.

बाकी ठिकाणी नांगर चालला. सुरुवातीला तोही चालत नव्हता, कारण मुळांची जाळी. बिग ब्लूस्टेम हे तिथलं मुख्य गवत, आपल्या ज्वारी आणि उसाचं भाऊबंद, त्याची मुळं दोन-तीन मीटर खाली जातात. म्हणजे प्रेअरीचा निम्म्याहून जास्त जीव जमिनीखाली. दरवर्षी त्यातली काही मुळं मरतात, हिवाळा कडक म्हणून कुजायला वेळ लागतो, पाऊस बेताचा म्हणून सत्त्व फार धुपून जात नाही, आणि हजारो वर्षं असं साठत साठत काळी माती तयार होते. आपली काळी माती वेगळी बरं का, ती बसाल्टची झीज होऊन झालेली आणि तिचा काळेपणा मुख्यतः खनिजांचा, तिथला काळेपणा कुजलेल्या मुळांचा. रंग एक, जन्मकथा दोन.

ही माती बिडाच्या नांगराला चिकटायची, सारखं थांबून खरवडायला लागायचं. 1837 मधे इलिनॉयमधे जॉन डिअर नावाच्या लोहाराने मोडक्या करवतीच्या स्टीलचा गुळगुळीत नांगर केला आणि मग कोणी थांबलं नाही. आयोवात आज मूळ प्रेअरीचा हजारातला एक भागही उरलेला नाही. कोट्यवधी बायसन होते, 1880 च्या दशकाच्या शेवटी जेमतेम हजार राहिले. मजा म्हणजे गवत उपटून माणसाने परत गवतच लावलं, पूर्वेला मका, पश्चिमेला गहू. फक्त हे एका हंगामाचं गवत, कापणी झाली की रान उघडं आणि माती धरून ठेवायला खाली काहीच नाही.

पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला तेव्हा दक्षिणेकडची कोरडी रानंही फोडली, 1930 च्या दशकात दुष्काळ पडला आणि माती उडाली, अक्षरशः. मे 1934 मधे ती धूळ न्यूयॉर्क-वॉशिंग्टनपर्यंत गेली. 14 एप्रिल 1935 च्या रविवारी ओक्लाहोमा-टेक्सासकडे दिवसाढवळ्या अंधार झाला, त्याला तिकडे ब्लॅक संडे म्हणतात, आणि त्याच महिन्यात मृदा संधारणाचा कायदा झाला. नंतर वारा अडवायला झाडांच्या रांगा लावल्या, वीस कोटींहून जास्त झाडं.

वारा तरी दिसतो, हळूहळू होणारी धूप दिसतही नाही. ती बघायची असेल तर आयोवाकडच्या जुन्या खेड्यांतली दफनभूमी बघावी. पहिल्या वसाहतवाल्यांची थडगी म्हणून तिथे नांगर घातला नाही, त्यामुळे अजून मूळ गवत आहे. अशा न नांगरलेल्या तुकड्यांच्या कडेला उभं राहिलं की बाजूचं मक्याचं शेत साधारण फूटभर खाली दिसतं. तुकडा वर आलेला नाही, शेत खाली गेलंय.