श्रावणबाळाच्या नावाची योजना आहे, पण श्रावणाला काय?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी हवेच्या गादीचा पंप रात्रभर घुरघुरत असतो. आजीला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि हे सगळं काकू चार वर्षांपासून करून राहिली. मागच्या महिन्यात तिचीच कंबर धरली, तर येणारा जाणारा विचारते, आता आजीचं कोण करेल? काकूचं कोण करेल हे कोणीच विचारलं नाही बापा.

तेव्हा श्रावणबाळ योजनेची चौकशी केली. उत्पन्नाच्या अटीत आम्ही बसलो नाही ते सोडा, पण गंमत बघा, नाव कावड उचलणाऱ्याचं अन् पैसे कावडीत बसलेल्याचे. 65 वर्षांवरच्या निराधारांना महिना 1500, ते हवेतच, पण उचलणाऱ्याचा खांदा कोणत्याच रकान्यात नाही.

हे आजचं नाही. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाईकांना आवारात तंबूत ठेवून उपचारात सामील करून घेतलं. पेशंट घरी जाऊ लागले, काम मोठंच होतं, पण पुढे घरचे लोक म्हणजे फुकटचा स्टाफ असं आपण धरूनच चाललो. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदाही आईबाप टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत जेल सांगतो, सांभाळणाऱ्याच्या सुट्टीबद्दल गप्प.

इंग्लंडात मेरी वेबस्टर नावाच्या धर्मोपदेशक बाईने आईवडिलांसाठी 1954 ला काम सोडलं, 1963 ला पेपरात पत्र लिहिलं, तशाच घरी अडकलेल्या अविवाहित बायकांची पत्रंच पत्रं आली, 1965 ला संघटना उभी राहिली. 1976 पासून सांभाळणाऱ्यांना भत्ता सुरू झाला, पण लग्न झालेल्या बायकांना नाही, कारण त्या तशाही घरीच असणार ना! ते कोर्टकचेरी होऊन 1986 ला सुटलं. म्हणजे तिकडेही काकू शेवटीच.

आपल्याकडे 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातून पुढे 'समर्थ' योजना आली, घरच्यांना थोडा आराम म्हणून पेशंटला काही दिवस केंद्रात ठेवायची सोय, पण ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता एवढ्यासाठीच. लकवा झालेली आजी त्यात बसत नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे खरा. केरळने मात्र 2010 लाच 'आश्वासकिरणम' योजना काढून थेट सांभाळणाऱ्याच्या हातात पैसे द्यायला घेतले, पुढे ते महिना 600 झाले, कमीच, पण त्याच्या नावाने तरी.

नागपुरात स्नेहांचल नावाचं शुश्रूषा केंद्र आहे, पण ते कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्यांसाठी. बाकी नर्सिंग ब्युरोची बाई, 12 तासांची ड्युटी, परवडली तर.

आम्ही एक बाई लावली अन् काकूला तीन दिवस वर्ध्याला माहेरी पाठवलं. पहिल्याच रात्री दोन वाजता तिचा फोन, आजीला वळवलं का?